जुनी रायफल, नवा दस्ता

आपल्या खेड्यात वस्तू सहसा फुकट जात नाही. मालमोटारीचा कमानपाटा मोडला, की तो लोहाराच्या भट्टीत जातो आणि कोयता होऊन बाहेर येतो. "पाट्याचं पोलाद आहे, धार धरणारच," असे आपण म्हणतो आणि कोयता घरी आणतो. पण त्या पोलादाने पूर्वी किती आच खाल्ली, हे कोणी विचारतं का? कोयत्याच्या बाबतीत न विचारले तरी चालते. फार तर पाते मोडेल. काही वस्तूंच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो. अशाच एका वस्तूची हकिकत आज सांगणार आहे.

लढाई संपली, की सरकारी कोठारांत लाखो रायफली पडून राहतात. अमेरिकेत अशा रायफली नागरिकांना स्वस्तात विकण्याची पद्धत विसाव्या शतकात चांगलीच रुजली. तिकडे हरणाच्या शिकारीला जाणारे शेतकरी आणि कारागीर पुष्कळ. सैनिकाची रायफल घ्यायची, तिचा लांबलचक लाकडी दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा हलका, सुबक दस्ता चढवायचा, नेम धरायची साधने बदलायची, की झाली शिकारी रायफल! घरच्या पडवीत, हिवाळ्याच्या रात्री बसून हा उद्योग करणारे हौशी लोक तिथे हजारोंनी होते. या कामी १९०३ सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीला फार मान. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांच्या सामानात याच जातीची, शिकारीसाठी बदलून घेतलेली रायफल होती.

आता दस्ता बदलला, प्रसंगी नळीही बदलली, तरी एक भाग जुनाच राहतो. नळीच्या मागे एक पोलादी पेटीसारखा भाग असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. काडतूस आत सारणारा आणि मागून दार लावणारा दांडा, म्हणजे बोल्ट, त्यातच सरकतो. बार उडतो तेव्हा काडतुसातल्या वायूचा दाब दर चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंड असतो. हा सगळा जोर बोल्ट आणि रिसीव्हर तोलून धरतात. आणि नेम धरणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांच्यापासून वीतभरच दूर असतो.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि त्याच सुमारास काही स्प्रिंगफील्ड रायफली सैनिकांच्या हातातच फुटल्या. फुटल्या म्हणजे कशा? पोलाद वाकले नाही, ताणले नाही. काच फुटावी तसे रिसीव्हरचे तुकडे झाले. मूळ निमित्त बहुधा काडतुसाचे असे. पितळी टोपण कच्चे निघाले, की वायू मागे फुटे. चांगल्या पोलादाने तो धक्का बराचसा सोसला असता. हे पोलाद सोसत नव्हते. चौकशी सुरू झाली.

दोष काय निघाला? पोलाद चांगले होते, कारागीर तर त्याहून चांगले, वर्षानुवर्षे मुरलेले. दोष निघाला त्यांच्या डोळ्यांवर टाकलेल्या भिस्तीत. घडवण्यापूर्वी पोलाद भट्टीत तापवावे लागते. ते किती तापले, हे जुने कारागीर रंगावरून ठरवीत. लाल, नारिंगी, पिवळसर असा रंग चढत जातो, हे आपल्या लोहारालाही ठाऊक आहे. पण रंग दिसण्याला आजूबाजूच्या उजेडाचे बंधन असते. ढगाळ दिवशी जो तुकडा झळझळीत दिसतो, तोच लख्ख उन्हाच्या दिवशी फिका दिसतो. मग कारागीर म्हणतो, "अजून तापू दे." तापमापक यंत्र लावून पाहिले, तेव्हा कळले, की उन्हाच्या दिवशीची "बरोबर आच" ढगाळ दिवसाच्या "बरोबर आचे"पेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त भरते! म्हणजे सेल्सियस मापाने जवळजवळ १६५ अंश. इतक्या आचेने पोलाद जळते, त्याचे कण भरड होतात आणि ते ठिसूळ बनते.

आपला लोहार अंधाऱ्या खोपटात का काम करतो, हे आता ध्यानात आलं ना? पुष्कळांना वाटते, की ती गरिबी. गरिबी असेलही, पण त्या अंधारात रोजचा लाल रंग रोज सारखाच दिसतो.

कारखान्यात तापमापक बसले आणि १९१८ साली पोलादाला पाणी देण्याची रीतही बदलली. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात सुमारे ८,००,००० या क्रमांकापासून आणि रॉक आयलंडच्या कारखान्यात २,८५,५०७ पासून नव्या रीतीचे रिसीव्हर निघू लागले. पण आधी बनलेल्या दहा लाखांहून अधिक रायफलींचे काय? त्यांतल्या कोणत्या उन्हाच्या दिवशी घडल्या आणि कोणत्या ढगाळ दिवशी, हे कसे सांगणार? बाहेरून सगळ्या सारख्याच, काळ्याभोर आणि गुळगुळीत. पुन्हा तापवून, पाणी देऊन पाहिले. जळलेले पोलाद पूर्ववत होईना.

जनरल ज्युलियन हॅचर या शस्त्रतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या टिपणवहीत १९२९ पर्यंतच्या अशा ६८ अपघातांची नोंद दिली आहे. तुम्ही म्हणाल, दहा लाखांत ६८, म्हणजे काहीच नाही. हिशेब खरा आहे. पण ती रायफल गालाला लावून बसलेल्या माणसाला हा हिशेब सांगून पाहा! १९२८ साली तिथल्या लष्कराने ठरवले, की अशा रायफली यापुढे वाटू नयेत, युद्धाची शिल्लक म्हणून बाजूला ठेवाव्यात. तरीही बऱ्याच रायफली तोवर लोकांच्या घरी पोचल्या होत्या. कित्येकांना सुंदर अक्रोडी दस्ते चढले. दस्ता जितका देखणा, तितका आतला दोष विसरायला सोपा. आजही अमेरिकेतली नागरी नेमबाजीची संस्था सांगते, की या जुन्या क्रमांकाच्या रायफलीतून बार काढू नका. म्हणून जाणता माणूस अशी रायफल हाती आली, की दस्त्याच्या आधी रिसीव्हरवरचा क्रमांक वाचतो.

दुसरी गोष्टही अशीच आहे. बोल्ट एका रायफलीचा आणि रिसीव्हर दुसरीचा, अशी जोड लावली, तर दोहोंमध्ये काडतुसाला जागा किती उरते, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दोन मापे असतात. स्प्रिंगफील्डच्या काडतुसासाठी एक १.९४० इंचांचे, दुसरे १.९४६ इंचांचे. पहिले घालून बोल्ट मिटला पाहिजे, दुसरे घालून मिटता कामा नये. फरक किती? मिलिमीटरचा सहावा हिस्सासुद्धा धड नाही, दोनेक केसांची जाडी! जागा जास्त झाली, तर पितळी टोपण ताणून फाटते आणि पुन्हा तोच अनर्थ.

आपल्याकडे हा घरगुती उद्योग करता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवणे, बदलणे, एवढेच काय, दुरुस्त करणे, यालाही परवाना लागतो. सैन्याचे .३०३ काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य. म्हणून इछापूरच्या सरकारी कारखान्याने सैनिकी ली-एनफील्डच्याच घडणीची, पण .३१५ मापाची वेगळी रायफल परवानेधारकांसाठी बनवली. तेव्हा घरात आजोबांची जुनी बंदूक असेल, तर ती खोलण्याच्या फंदात पडू नका. परवाना असलेल्या कारागिराला दाखवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. संध्याकाळी मुलांना लोहाराच्या भट्टीवर न्या. तापलेला फाळ आधी सावलीत पाहू द्या. मग लोहारदादांना सांगून तोच फाळ सांडशीने दारातल्या उजेडात धरायला लावा आणि मुलांना रंग विचारा. पोरं दोन वेगळे रंग सांगतील. फाळ मात्र तोच असेल. मोजपट्टी, तराजू आणि तापमापक माणसाने कशासाठी बनवले, हे त्या दिवशी फळ्यावर लिहावे लागणार नाही.