दीर्घिकांचे न दिसणारे वजन

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावापासून जवळच, खोडद व आसपासच्या गावांत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या मिळून एक दुर्बीण होते. ती प्रकाश पाहत नाही. हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी टिपते.

२००५ साली अयेशा बेगम, जयराम चेंगलूर व इगोर कराचेंत्सेव यांनी तिच्या साह्याने केलेली एन.जी.सी. ३७४१ या चिमुकल्या दीर्घिकेची निरीक्षणे प्रसिद्ध केली. दिसणाऱ्या भागाच्या आठपट दूरवर तिचा वायू पसरलेला आढळला. सूर्यापासून दूरचे ग्रह मंद गतीने फिरतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. येथे मात्र कडेचा वायूही मंदावत नाही! केवळ तारे व वायू यांच्या वजनाने असा वेग आवरला जाणे शक्य नाही.

तेव्हा तेथे अदृश्य द्रव्य असले पाहिजे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. इस्रायलचे मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली निराळी वाट धरली. त्वरण अतिशय क्षीण, म्हणजे पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या सुमारे आठ हजार कोटीव्या भागाहून कमी झाले, की न्यूटनचा नियमच बदलतो, असे त्यांचे म्हणणे. नवल असे, की २००७ साली दुसऱ्या एका गटाने नेदरलँड्समधील दुर्बिणीतून याच दीर्घिकेचे वेग मोजले, ते मिलग्रोम यांच्या सूत्राशी चांगले जुळले.

परंतु दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत हे सूत्र तोकडे पडते. तेथे तेही थोडे अदृश्य द्रव्य मागतेच. आणि त्या द्रव्याचा एक कणही अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही.