फाइलीचा पत्ता

नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रस्त्यावर वाडी आहे. पण वाडी नावाची गावे पुष्कळ. कर्नाटकात तर वाडी नावाचे रेल्वे जंक्शनही आहे. मग पत्र नेमके नागपूरच्या वाडीलाच कसे येते? ४४००२३ या पिनकोडमुळे.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखण्याचे श्रेय टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. पहिला ४ हा अंक देशाचा एक मोठा विभाग दाखवतो. पुढच्या अंकांनी तो लहान होत जातो. ४४० म्हणजे नागपूर आणि ०२३ म्हणजे तेथील टपाल कार्यालय. मोठ्याकडून लहानाकडे असा हा प्रवास आहे.

संगणकातील फाइलीचा पत्ताही असाच असतो. समजा, तो असा आहे: 'डी › शाळा › २०२४-२५ › आठवी-अ › गुणपत्रक'. 'डी' हा साठवणुकीचा भाग, मधले तिन्ही फोल्डर आणि शेवटी फाइल. 'गुणपत्रक' नावाची दुसरी फाइल 'आठवी-ब'मध्ये खुशाल असू शकते, कारण तिचा पत्ता वेगळा आहे. मात्र एकाच फोल्डरमध्ये एकाच प्रकारच्या दोन फाइलींना एकच नाव चालत नाही.

फोल्डर हवेत कशाला? १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये ते नव्हतेच. फ्लॉपीवर मोजक्याच फाइली मावत, त्यामुळे एक यादी पुरे. १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला आयबीएमचा संगणक आला. शेकडो फाइलींची एकच यादी वाचणे अवघड, म्हणून त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरची सोय झाली.

आता करून पाहू या. विंडोजची खूण असलेली कळ व 'ई' एकत्र दाबा. फोल्डरवर दोनदा क्लिक केले की आत जाता येते. वरच्या दिशेच्या बाणाने बाहेर येता येते. पत्ता वरच्या पट्टीत दिसतो. 'कंट्रोल-सी' व 'कंट्रोल-व्ही' यांनी दुसरी प्रत तयार होते. 'कंट्रोल-एक्स' व 'कंट्रोल-व्ही' यांनी फाइल हलते. एकाच ड्राइव्हमध्ये मोठी फाइलही क्षणात हलते, कारण मजकूर जागीच राहतो, फक्त पत्त्याची नोंद बदलते.

एक सावधगिरी हवी. फोल्डर पुसला की त्यातले सारेच जाते. वाडीसारख्या मालवाहतुकीच्या गावी पालकांची बदली वर्षाच्या मध्येच होऊ शकते. तेव्हा मुलाची नोंद वेळेवर सापडली नाही, तर अडचण होते. म्हणून 'न्यू फोल्डर' हे नाव तसेच ठेवू नये. तारीख '२०२५-०४-१५' अशी वर्षापासून लिहावी, म्हणजे नावांच्या क्रमाने काळाचाही क्रम लागतो. महत्त्वाच्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

वर्गात एक उपक्रम घ्या. शाळेच्या कपाटातील एका वहीचा पत्ता मुलांना मोठ्याकडून लहानाकडे लिहायला सांगा. वही ज्यांना त्या पत्त्यावरून सापडेल, त्यांना फोल्डर समजला.