मिठी : जंगलापासून समुद्रापर्यंत

■ उगम : संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले विहार आणि पवई तलाव. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की ते पाणी मुंबईच्या मिठी नदीला येते.

■ प्रवास : सुमारे १८ किलोमीटर. साकीनाका, कुर्ला, धारावी करत ती माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते.

■ वाटेत काय मिसळते? : प्रक्रिया न केलेले सांडपाणी, भंगारातली पिंपे धुतलेले तेलकट पाणी, गोठ्यांतले शेण आणि प्लास्टिक.

■ २६ जुलै २००५ : सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भराव, अतिक्रमणे आणि कचऱ्याने आकसलेल्या पात्रात तो मावला नाही. काठच्या वस्त्या बुडाल्या.

■ तिवरांची घुसमट : चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे म्हणजे तिवराचे (खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाचे) नाक. ओहोटीला खाडीकाठी उभे राहून पाहा, मुळामुळाला पिशव्यांच्या चिंध्या गुंडाळलेल्या दिसतात. श्वास कोंडला की झाड वाळते. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि खेकड्यांची पिल्ले वाढतात, म्हणजे कोळ्यांची रोजीरोटीही तिथेच अडकलेली असते.

नाल्यात टाकलेली पिशवी नाहीशी होत नाही. ओहोटी तिला समुद्रात नेते, भरती पुन्हा किनाऱ्यावर आणते. ती नाल्यात पडणार नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे.