हृदयाचा राखणदार वायू

आजोबांच्या खिशातली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मुलांनी पाहिलेली असते. ती करते काय? तिच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. खरं तर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हा वायू स्वतःच बनवतं. त्याचा निरोप मिळताच वाहिनीचे स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंदावते, हृदयाला रक्त पुरतं. गुठळीचा धोकाही कमी होतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.

हा वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून सतत बनत राहावा लागतो. भरभर चालताना तो जास्त बनतो. सिगारेटमुळे, मधुमेहामुळे कमी पडतो. म्हणून पालकहो, शिरगावातून बदलापूर स्टेशनला रोज रिक्षाच कशाला? छातीत दुखलं तर मात्र चालायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे!