पिशवी बघण्याआधी हात बघा

झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर थोड्याच अंतरावर बरुआसागर लागते. ओरछाच्या उदितसिंह राजाने अठराव्या शतकात बांध घालून केलेला मोठा तलाव, काठावरचा किल्ला, आणि आसपासच्या शेतांतून येणारे आले व भाजीपाला ही या गावाची ओळख. इथल्या एखाद्या सत्तरीच्या आले उत्पादकाला गुदाशयाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेत त्याच्या पोटावर मलविसर्जनाचा नवा मार्ग करावा लागला, असे समजा. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, जवळ ग्वाल्हेर आहे. काही जण पंजाब मेल पकडून थेट मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात येतात. शस्त्रक्रिया कुठेही झाली तरी महिनाभरात माणूस आपल्या घरी, आपल्या पाटावर येऊन बसतो. रुग्णालयात नर्सने चटकन लावून दिलेली पोटावरची पिशवी आता त्याला स्वतः लावायची असते. आणि त्याचे हात चाळीस-पन्नास वर्षे कुदळ धरून, वर संधिवाताने आखडलेले असतात.

या लेखाचा विषय ती पिशवी आणि ते हात एकत्र कसे आणता येतात, हा आहे.

पोटाच्या भिंतीतून आतड्याचे टोक बाहेर काढून शिवतात, त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी, आणि लघवीसाठी आतड्याचा तुकडा वापरून केलेला असेल तर युरोस्टोमी. स्टोमा लालसर, ओलसर असतो, आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. पण त्याला उघडमीट करणारा स्नायू नाही, त्यामुळे जे बाहेर येईल ते झेलायला चोवीस तास पिशवी लागते. इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण 500 ते 800 मिलिलिटर पातळ मल येतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. त्वचेला चिकटणारी चकती, जिला वेफर किंवा फ्लॅंज म्हणतात, ती तीन ते पाच दिवसांनी बदलायची.

हे सगळे वाचायला सोपे आहे. आता पिशवीच्या शेपटीला लावायची प्लॅस्टिकची क्लिप हातात घेऊन बघा. जेमतेम चार इंचांची दोन पात्यांची ती वस्तू, एका टोकाला बिजागरी. पिशवीचे तोंड पुसायचे, आतल्या पात्यावरून एकदाच दुमडायचे, दुमड सरकू न देता दुसरे पाते त्यावर आणायचे आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत जोर देऊन कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबायचे. दुमड दोनदा पडली तर क्लिप बसत नाही. तिरकी बसली तर रात्री गळते. निरोगी माणसाला यात काहीच वाटत नाही. ज्याच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, पक्षाघाताने ज्याचा एक हात गेला आहे, कंपवाताने ज्याची बोटे थरथरतात, किंवा मधुमेहाने ज्याच्या बोटांच्या टोकांना स्पर्शच कळत नाही, त्याच्यासाठी ही क्लिप म्हणजे दिवसातून पाच वेळा द्यावी लागणारी परीक्षा आहे.

पिशवीचा इतिहास मात्र नर्सेस आणि रुग्णांनी घडवला आहे, हे आवर्जून सांगायला हवे. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सेन या परिचारिकेच्या बहिणीला, थोराला, स्टोमा करावा लागला. गळतीच्या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. तेव्हा 1954 मध्ये एलिसेने त्वचेला चिकटणाऱ्या आणि वापरून फेकता येणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली. प्लॅस्टिकच्या पिशव्या करणारे ओगे लुईस-हान्सेन यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि 1957 मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या बाईंना नव्या रुग्णांना शिकवण्यासाठी 1958 मध्ये नेमले. स्टोमा नर्स हा व्यवसाय तिथून सुरू झाला.

टर्नबुल यांच्याच काळात त्वचेच्या संरक्षणासाठी वापरात आलेला पदार्थ होता कराया डिंक. हा डिंक ज्या झाडाचा, ते कांडोळ आपल्या सह्याद्रीत आणि विदर्भातल्या खडकाळ टेकड्यांवर दिसते. बुंदेलखंडात त्यालाच कुल्लू म्हणतात. पांढऱ्या, गुळगुळीत खोडाचे हे झाड पानगळीनंतर उजाड डोंगरावर दुरूनही ओळखू येते. त्याच्या डिंकाला आंबूस वास असतो, ओलावा मिळाला की तो फुगून चिकट होतो आणि त्वचेवर बसतो. जगाला हा डिंक मुख्यतः भारतातून जात असे. लघवी आणि पातळ मल यांपुढे तो लवकर विरघळे, म्हणून पुढे पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजचे मिश्रण असलेल्या चकत्या आल्या. कुल्लूचा डिंक गोळा करणाऱ्या मुलखातल्या रुग्णाला आज चकती मिळवायला शहर गाठावे लागते, ही गोष्ट मला बोचते.

आपल्याकडे या कामाची सुरुवात मुंबईत झाली. 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि स्टोमा नर्सचे प्रशिक्षणही चालते. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संघटना 1975 पासून मुंबईत काम करते. स्टोमा घेऊन वर्षानुवर्षे नोकरी, संसार, प्रवास केलेला माणूस नव्या रुग्णाच्या खाटेशी येऊन बसतो आणि स्वतःच्या अनुभवातून सांगतो, हे अशा संघटनांचे सगळ्यात मोलाचे काम. जे पुस्तकात नसते ते इथे कळते. हातांच्या अडचणींवरचे बरेचसे उपायही असेच, तोंडातोंडी पसरलेले आहेत.

पहिला प्रश्न कापण्याचा. चकतीच्या मधोमध स्टोमाच्या मापाचे छिद्र करावे लागते, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे. जास्त मोठे झाले तर उघड्या त्वचेवर मल लागून ती सोलवटते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, तोवर प्रत्येक वेळी माप घ्यावे लागते. नंतर माप स्थिर झाले की तयार छिद्राच्या चकत्या मागवता येतात आणि कात्रीचा प्रश्नच मिटतो. त्या मिळत नसतील तर महिन्याभराच्या चकत्या घरातल्या कुणीतरी एका बैठकीत कापून ठेवाव्यात. कार्डावर मापाचे छिद्र एकदा नीट करून घेतले की गावातला शिंपीसुद्धा हे काम उत्तम करेल. स्वतःच कापायचे असेल तर दाब सोडताच आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री बरी, कारण तिला बोटांच्या कड्या नसतात, पूर्ण मुठीने दाबता येते. बोटांनी गुंडाळून छिद्र मोठे करता येते अशा चकत्याही कॉनव्हाटेकने आणल्या आहेत. हात थरथरणाऱ्याला त्या सोयीच्या, कारण धारदार काही हातात नसते. पण चिमटीत जोरच नसेल तर त्या गुंडाळणेही जड जाते. विक्रेता हा फरक सांगेलच असे नाही.

कापण्याहून अवघड काम म्हणजे चकतीमागचा कागद सोलणे, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. नखाने कडा सुटी करायची, ती पकडून ओढायची. बधिर बोटांना ती कडा सापडतच नाही. यावर उपाय साधा आहे. मायक्रोपोर पट्टीचा बोटभर तुकडा घेऊन अर्धा कागदाच्या कडेला चिकटवायचा, उरलेला अर्धा स्वतःवरच दुमडून कान तयार करायचा. चकत्या कापून ठेवतानाच हे कान लावून ठेवले की मग दोन बोटांच्या बेचक्यात किंवा अगदी दातांत धरूनही कागद निघतो. एकच हात चालणाऱ्याने कागद मधोमध चिरून घ्यावा. आधी खालचा अर्धा काढायचा, चकतीची खालची कड स्टोमाच्या खाली टेकवून आरशात बघत वर लोटायची, मग वरचा कागद ओढून घ्यायचा. सदरा वर राहावा म्हणून गळ्यात नाडी आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा. आरसा उभा राहणारा हवा, हातात धरायचा नको. चकती लावण्याआधी काही मिनिटे काखेत किंवा मांडीखाली ठेवून कोमट केली की लवचीक होते आणि कमी दाबात बसते.

पिशवी एकसंध घ्यावी की दोन भागांची, यावर मतभेद आहेत. एकसंध पिशवीत जोडाजोडी नाही, म्हणून दुबळ्या हातांना मी तीच आधी सुचवेन. पण मग ती पूर्णच बदलावी लागते आणि खर्च वाढतो. दोन भागांची घ्यायची तर कड्यात कडे बसवण्याऐवजी चिकटून जोडली जाणारी घ्यावी, ती तळहाताने दाबून बसते. कड्यांचीच असेल तर दोन्ही भाग आधी टेबलावर ठेवून तळहाताच्या वजनाने जोडावेत आणि मग एकत्र पोटावर लावावेत. क्लिपच्या जागी शेपटी दोन-तीनदा दुमडून वेल्क्रोने बंद होणारी पिशवी मागावी. दुकानदार जुनीच पुढे करील, पण आग्रह धरावा. युरोस्टोमीच्या पिशवीला नळ असतो. काही नळ पिळावे लागतात, काही नुसते ढकलून उघडतात. घेण्याआधी रुग्णाच्या हातात देऊन बघावे.

वेळेलाही महत्त्व आहे. कंपवाताची गोळी लागू पडून हात स्थिर असतात तो काळ चकती बदलायला राखून ठेवावा. इलिओस्टोमी असेल तर सकाळी काही खाण्याआधी, कारण तेव्हा स्टोमा शांत असतो. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत डॉक्टरांच्या संमतीने सिंचन करता येते. रोज किंवा एक दिवसाआड 500 ते 1000 मिलिलिटर कोमट पाणी स्टोमातून आत सोडून आतडे रिकामे करायचे. यात तासभर जातो, पण नंतर बराच वेळ छोटी टोपी पुरते आणि पिशव्यांचा खर्च वाचतो. मात्र पाण्याची पिशवी उंच टांगणे आणि पाणी आत सोडणारा शंकू स्टोमावर धरून ठेवणे याला घरच्यांची मदत लागते.

झाशीकडच्या उन्हाळ्याचा विचारही करायला हवा. मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो, घामाने चकतीच्या कडा सुटतात. पिशवीला पट्टा लावला की वजन पेलले जाते, पण पट्ट्याचे हुक मागे हात नेऊन लावायचे असतील तर आखडलेल्या खांद्याला ते जमत नाही. पुढे वेल्क्रो असलेला पट्टा कुठलाही शिंपी शिवून देईल. राखीव चकत्या पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नयेत, गोंद वितळतो.

हातात बसणारी साधने करण्याची विद्या आपल्याकडे आधीपासून आहे. कुष्ठरोगाने बोटे वाकलेल्या माणसांसाठी पुनर्वसन केंद्रांत चमच्याच्या, कुदळीच्या दांड्यावर इपॉक्सीची लुकण थापून ती ओली असतानाच त्याच माणसाच्या मुठीत धरायला देतात. ती वाळली की दांड्यावर त्याच्या हाताचा ठसा उरतो आणि पकड घट्ट होते. अशीच लुकण हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कात्रीच्या मुठीवर, आरशाच्या दांडीवर ती वापरता येईल. 1972 मध्ये स्थापन झालेली कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी अपंगांसाठी साधने बनवते आणि तिची शिबिरे जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. कुष्ठरुग्णांसाठी रोजच्या कामांच्या साधनांचा संच तिच्याकडे आहे. त्याच शिबिरांत स्प्रिंगची कात्री, उभा आरसा, पुढून बंद होणारा पट्टा आणि मापाचे कार्ड एवढ्या चार वस्तू स्टोमा झालेल्यांसाठी ठेवाव्यात, अशी माझी मागणी आहे.

पैशांच्या बाजूने एक चांगली गोष्ट झाली. जुलै 2022 पासून स्टोमाच्या साहित्यावरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. पण आयुष्मान भारत योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च निघाला तरी रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे जेमतेम 15 दिवस त्यात धरले जातात. पिशवी बहुतेकांना त्यानंतरही लागते, अनेकांना जन्मभर.

हे सगळे उपाय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. खरा निर्णय त्याआधी होतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला बसवून, उभे करून, वाकायला लावून पोटावर खूण करायची असते. ती जागा घडीत येऊ नये, धोतराच्या किंवा परकराच्या नाडीखाली येऊ नये, आणि रुग्णाला दिसावी. या यादीत हाताचे नाव मागे पडते. चांगला हात डावा असेल तर तो तिथे पोहोचतो का? चिमटीत कागद धरता येतो का? रुग्णाला एक रिकामी पिशवी देऊन ती उघडायला, बंद करायला लावले तर पाच मिनिटांत कळते.

तुमच्या घरी कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर खूण करायला येणाऱ्या डॉक्टरांना किंवा नर्सला सांगा, आमच्या माणसाचे हात एकदा बघा आणि आठ-दहा प्रकारच्या पिशव्या त्याच्या हातात देऊन बघा. जी त्याला स्वतःला उघडता आणि बंद करता येईल, तीच लिहून घ्या.