संगणकाच्या पेटीत वारा खेळता ठेवा

२०१७ साली जीएसटी आल्यापासून कापडाच्या धंद्यात संगणक बंद म्हणजे बिल बंद. मागच्या लग्नसराईत आमच्या पेढीवरचा संगणक भर दुपारी आपोआप बंद पडू लागला. गिऱ्हाईक समोर उभे आणि बिल निघेना! दुरुस्तीवाल्याने मोठा कूलर बसवला. पैसे गेले, दुखणे मात्र कायम राहिले. अखेर पेटी उघडून पाहिली. पेटीचा पुढचा पंखा हवा आत घेत होता आणि नव्या कूलरचा पंखा गरम हवा त्याच्याच दिशेने फेकत होता!

कूलर थंडावा तयार करत नाही. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत येते आणि पंखा ती पेटीतल्या हवेत सोडतो. ती हवा बाहेर गेली नाही तर तीच फिरून कूलरमध्ये येते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला मंद करतो आणि तरीही तापत राहिला तर बंद पडतो.

मोठ्या कंपन्यांनाही हे अनुभवानेच कळले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली, तेव्हा वीजपुरवठ्याच्या डब्याचा पंखा हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल अशी कल्पना होती. पण डब्यातून येणारी हवा आधीच तापलेली असे. पुढे त्या पंख्याची दिशा उलटी केली गेली.

गोदामाचा नियम इथेही लागू पडतो. वारा एका खिडकीतून यावा, समोरच्या खिडकीतून जावा. पेटीचे पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा व वरचा बाहेर टाकणारा असावा. उभ्या कूलरचा पंखा पुढच्या अंगाला लावून त्याचा झोत मागच्या पंख्याकडे ठेवावा. पंख्याची मोटर ज्या बाजूच्या दांड्यांवर बसवलेली असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका वाटल्यास सुताचा धागा धरून पाहावा, मात्र पात्यांपासून दूर.

आपल्या दुकानांत तूस फार. म्हणून हवा आत घेणारे पंखे एखाद्याने जास्त ठेवावेत आणि त्यांच्यापुढे जाळी लावावी. म्हणजे फटींतून तूस ओढला जात नाही. जाळी दर महिन्याला झाडावी. पेटीची मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी दूर असावी.

आम्ही कूलरचा पंखा काढून योग्य अंगाला लावला, जाळी बसवली. खर्च फक्त जाळीचा झाला. मोठा कूलर घेण्याआधी पेटी उघडून पाहिली असती, तर ती रक्कम गल्ल्यातच राहिली असती.