जुन्या घरातील संडास आणि पाण्याची बचत

बाजारभाव, वस्तू व सेवा कर, वाहतुकीच्या अडचणी या नेहमीच्या विषयांमध्ये संडासाचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु घराच्या पाण्याचा जमाखर्च मांडावयास बसल्यास नावे बाजूची सर्वांत मोठी रक्कम याच खोलीत सापडते. राष्ट्रीय इमारत संहितेने शहरातील घरासाठी संडास धुण्याकरिता माणशी रोज ४५ लिटर पाणी धरलेले आहे. आपल्या घरांतून पिण्याचे पाणी गाळून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गाळताना थोडे सांडले तरी घरातील वडीलधारी मंडळी हळहळतात. त्याच घरात संडासाची साखळी ओढली की दहा लिटर शुद्ध केलेले पाणी पाच-सात सेकंदांत गटारास मिळते, आणि त्याची खंत कोणासही वाटत नाही.

हे पाणी येते कोठून, हेही एकदा ध्यानात घेतले पाहिजे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन शहराची दैना झाली, तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे तलाव पूर्ण झाले. त्या काळी पाणी गावाच्या वेशीवरून, उतारानेच येत असे. पुढे शहर वाढले, १९६५ पासून मांजरेचे पाणी आले, २००४ साली कृष्णेचे आणि २०१५ साली गोदावरीचे. कृष्णा व गोदावरी यांचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणावे लागते. म्हणजे आपण साखळी ओढतो तेव्हा पाण्याबरोबर वीजही गटारात सोडतो.

बेगम बाजार, उस्मानगंज, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील आपली जुनी घरे ज्या काळात बांधली गेली, तेव्हा संडास परसात असे आणि मैला टोपलीतून उचलला जाई. त्या प्रथेची आठवण काढावयासही संकोच वाटतो. भुयारी गटारांची पहिली योजना १९३१ साली शहरात आली आणि तदनंतर घराघरांतून भाजलेल्या मातीच्या झिलईदार नळ्या, चिनी मातीचे भांडे व छताशी बसविलेली बिडाची टाकी आली. ही टाकी दहा किंवा साडेबारा लिटरांची. साखळी ओढली की आतील घंटेसारखे भांडे उचलले जाऊन खाली पडते, नळीत पाण्याचा अखंड स्तंभ तयार होतो आणि तो सगळी टाकी ओढून रिकामी करतो. मध्येच थांबविण्याची सोय तीत नाही. लघवी असो वा शौच, तिचे माप एकच.

आता हिशेब मांडू. घरात सहा माणसे आहेत आणि प्रत्येक जण दिवसाकाठी पाच वेळा, म्हणजे एकदा शौचास व चार वेळा लघवीस, टाकी सोडतो असे धरले, तर दहा लिटरांच्या टाकीने माणशी ५० लिटर, घराचे ३०० लिटर, महिन्याचे नऊ हजार लिटर पाणी जाते. मीटर असलेल्या घरांना महिना वीस हजार लिटर पाणी विनामूल्य देण्याची योजना जानेवारी २०२१ मध्ये शहरात सुरू झाली. त्या मापाने पाहता जवळजवळ निम्मे पाणी एका टाकीने खाल्ले. उन्हाळ्यात टँकर मागविणाऱ्या कुटुंबास याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

येथे दोन बटणांची टाकी उपयोगी पडते. ही युक्ती ऑस्ट्रेलियात निघाली. तेथील कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० साली ती सिद्ध केली. पहिल्या टाकीचे माप मोठ्या धुण्यास ११ लिटर व लहान धुण्यास साडेपाच असे होते. पुढे सुधारणा होत ते ६ व ३ वर आले. आपल्या बाजारात आज ६ व ३ लिटरांची टाकी सर्वत्र मिळते आणि ४ व २ लिटरांचीही मिळते. पहिलीने माणशी खर्च एकदा सहा व चारदा तीन मिळून १८ लिटर होतो. दुसरीने १२ लिटर. पन्नासावरून अठरावर येताना ३२ लिटर वाचले. अठरावरून बारावर येताना आणखी सहा. दुकानदार आपणास हे शेवटचे सहा लिटर मोठ्या उत्साहाने विकील. जुन्या घरमालकाने मात्र येथे क्षणभर थांबावे, असे आमचे मत आहे. त्याचे कारण जमिनीखाली आहे.

टाकी, भांडे, वाक आणि नळी ही चारही मिळून एकच यंत्र आहे. टाकीतील पाणी भांडे धुते, वाकातील घाण पलीकडे ढकलते, वाकात नवे पाणी भरून दुर्गंध अडविते, आणि शेवटी घाण रस्त्यावरील चेंबरपर्यंत वाहून नेते. नव्या घरात चार इंची गुळगुळीत प्लॅस्टिकची नळी असते. तीत सहा लिटर पाणीही दाटीने, जोराने धावते. जुन्या घरांत पुष्कळ ठिकाणी सहा इंची मातीची नळी आहे, आतून खडबडीत झालेली, सांधे सुटलेली, क्वचित झाडाच्या मुळ्या शिरलेली. रुंद नळीत थोडे पाणी तळाशी पातळ पसरते, पुढे सरकते आणि घाण मागे ठेवून निघून जाते. ती वाळते, तिच्यावर दुसरी साचते, आणि सहा महिन्यांनी एके सकाळी चेंबर तुंबतो.

तुंबल्यावर काय होते, ते अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्यांस ठाऊक आहे. कोणास तरी बोलावणे जाते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबास दहा लक्ष रुपये देण्याचा निर्णय दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लक्ष केली. आपल्या शहरात २०१७ साली लहान गल्ल्यांत शिरतील अशी जेटिंग यंत्रेही आली. तरीही घाईच्या वेळी दोनशे-चारशे रुपयांत कोणी गरीब मनुष्य खाली उतरावयास तयार होतो, व त्यास उतरविणारे गृहस्थ आपल्यातच आढळतात. गटारातील वायू दिसत नाही. माणूस शुद्ध हरपून पडतो आणि त्यास काढावयास गेलेलाही पडतो. सहा लिटर पाणी वाचविण्यासाठी नळी तुंबण्याची व्यवस्था आपण स्वतः करावी आणि तिचा धोका दुसऱ्याच्या जिवावर टाकावा, हा सौदा आम्हास मान्य नाही.

म्हणून खरेदीपूर्वी नळी पाहावी. जुने गवंडी एक सोपा नियम सांगतात: नळीचा व्यास इंचांत घेऊन दहाने गुणावा, तितक्या फुटांत एक फूट उतार हवा. चार इंची नळीस चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीस साठ फुटांत एक फूट. घरातील चेंबर व रस्त्याकडील चेंबर, दोहोंची झाकणे उघडून वरूनच पाहावे, टाकी सोडावी, आणि पाणी किती वेळात व कसे पोहोचते ते न्याहाळावे. मागे पाणी साचून राहत असेल तर उतार बिघडला आहे, असे समजावे. ती नळी बदलून चार इंची घालणे शक्य असेल तर तेच प्रथम करावे. शक्य नसेल व अंतर लांब असेल, तर ६ व ३ लिटरांच्या टाकीवर समाधान मानावे. न्हाणीघराचे पाणी त्याच नळीत संडासाच्या मागच्या बाजूने येऊन मिळत असेल तर चांगलेच. ते रोज सकाळी नळी धुऊन काढते.

दुसरी एक गोष्ट. जुन्या भांड्यावर केवळ नवी लहान टाकी बसविण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण खर्च कमी येतो. जुने भांडे दहा लिटरांसाठी घडविलेले आहे. त्याचा तळ पसरट असतो आणि छताजवळच्या टाकीतून येणाऱ्या वेगावर ते अवलंबून असते. टाकी खाली आली, लहान झाली, की वेग व पाणी दोन्ही गेले. मग घरातील माणसे दोनदा बटण दाबतात, वर एक बादली ओततात, आणि बारा लिटरांच्या ठिकाणी वीस जातात. जुन्या टाकीत वीट ठेवण्याचा उपायही तसाच. वीट पाण्यात झिजते, तिची रेती वायसरखाली अडकते आणि टाकी गळू लागते. टाकी व भांडे एकाच कारखान्याचे, एकमेकांसाठी केलेले, असे जोडीनेच घ्यावे.

गळतीचा उल्लेख आला, तर तिचा हिशेबही सांगून टाकतो. मिनिटास एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून आवाज न करता उतरत असेल तर दिवसाचे २८८ लिटर होतात. सहा माणसांच्या संडासाइतके पाणी कोणी संडासास न जाताच गेले! परीक्षा सोपी आहे. रात्री टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा, अर्धा तास कोणी बटण दाबू नये, आणि भांड्यात रंग उतरला की नाही ते पाहावे. नवे भांडे घेण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी. कित्येक घरांत चाळीस-पन्नास रुपयांच्या वायसरनेच मोठे काम होते.

भारतीय बैठकीच्या भांड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण आपल्याकडील बहुतेक जुन्या घरांत तेच आहे आणि ते काढून टाकावे असे आम्हास वाटत नाही. कमी पाण्याच्या बैठकीचे सर्वांत मोठे काम आपल्याच देशात झाले. डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुरू केलेल्या सुलभ शौचालयात तीव्र उताराचे भांडे व केवळ २० मिलिमीटर पाणी राहील असा वाक वापरला. दीड-दोन लिटर पाणी ओतले की काम भागते. महाराष्ट्रात देहू येथे डॉ. मापुसकर यांनी घरोघरी संडास व्हावेत म्हणून आयुष्य वेचले, त्यांनाही २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. परंतु ही रचना लगतच्या शोषखड्ड्यासाठी आहे, हे विसरू नये. खड्डा चार हातांवर असतो. दोन लिटरांस तेवढेच अंतर कापावयाचे असते. शहरी गटारास जोडलेल्या घरात वाकात ५० मिलिमीटर पाणी हवे, नाहीतर गटारातील वायू घरात येतो, आणि रस्त्यापर्यंतचे अंतर दोन लिटरांच्या आवाक्याबाहेरचे असते. तेव्हा शहरात उताराचे भांडे घ्यावे, वाक पूर्ण खोलीचा घ्यावा व त्यावर दोन मापांची टाकी कमरेच्या उंचीवर बसवावी. ज्या घरी बादलीनेच पाणी टाकण्याची सवय आहे, तेथे बादलीशेजारी दोन लिटरांचे एक माप ठेवावे. लघवीनंतर एक माप पुरते.

वृद्धांसाठी कमोड लागतोच. गुडघ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. कमोड घेताना प्रथम फूटपट्टी घ्यावी. नळी जमिनीतून जात असेल तर लादी लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. बाजारात चार, नऊ व बारा इंचांच्या अंतराचे कमोड मिळतात. नळी भिंतीतून जात असेल तर जमिनीपासूनची उंची मोजावी. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने माप न घेता भारी कमोड आणला आणि तो बसविण्यासाठी नळीस दोन जादा वाक द्यावे लागले. प्रत्येक वाक म्हणजे घाण अडकण्याची नवी जागा. भिंतीत दडविलेली टाकी दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीत घालू नये. वायसर बदलावयासही भिंत फोडण्याची पाळी येते. वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी जवळ असते, तेथे नळीवर थेट बसविण्याचा फ्लश व्हॉल्व्हही नको. दाब कमी, त्यामुळे दांडा दाबून धरावा लागतो, आणि पाण्याचे माप हातावर राहते.

भांडे चांगले की वाईट, हे तकाकीवरून कळत नाही. भारतीय मानक ब्यूरोने पाणी वाचविणाऱ्या साधनांसाठी २०२१ साली आयएस १७६५० हे मानक काढले आहे. दुकानदारास त्याविषयी विचारावे. अमेरिका-कॅनडात २००३ पासून एक निराळी परीक्षा चालते. तीत सोयाबीनच्या लगद्याचे ठरावीक वजनाचे गोळे भांड्यात टाकून एका धुण्यात किती ग्रॅम वाहून जातात ते मोजतात. तेथील सरकारी पाणीबचतीच्या चिन्हासाठी किमान ३५० ग्रॅम वाहून जावे लागतात. सोयाबीनची पोती आम्ही आयुष्यभर तोलली, परंतु त्याचा असाही उपयोग होईल हे कधी मनात आले नव्हते. दुकानात परीक्षा शक्य नसली तरी इतके विचारता येते, की सहा लिटरांत ३५० ग्रॅम जाईल काय. उत्तर न देणाऱ्या दुकानदाराकडून निदान वायसर व आतील सुटे भाग दहा वर्षे मिळतील काय, एवढे तरी विचारून घ्यावे.

नवा संडास बसविण्यापूर्वी सात दिवस सकाळी ठरावीक वेळी मीटरचा आकडा वहीत लिहावा, व बसविल्यानंतर पुन्हा सात दिवस. घरातील मुलांस हे काम द्यावे, ती आनंदाने करतात. सोबत महिन्यातून एकदा दोन्ही चेंबरांची झाकणे उघडून तळाशी काही साचले आहे काय ते पाहावे, आणि त्या दिवसाचीही नोंद त्याच वहीत करावी.